वंगण खरे, तर गाडी बरी

ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण आज दोन चाकांवर चालते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचवणारा गवळी, शेजारच्या गावातील शाळेत रुजू होणारे गुरुजी, वाडीवस्तीवर टपाल पोहोचवणारा डाकसेवक, आठवडी बाजारात भाजीचे गाठोडे नेणारा शेतकरी आणि अवघडलेल्या सुनेला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाणारा सासरा या सर्वांचा आधार एकच, अंगणात उभी असलेली मोटरसायकल. २००१ च्या जनगणनेत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ६.७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण १४.३ टक्क्यांवर गेले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर देशातील शहरी व ग्रामीण मिळून सुमारे निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी असल्याचे आढळले. दोन दशकांत झालेले हे स्थित्यंतर लहान नाही.

परंतु वाहन गावात आले त्या वेगाने त्या वाहनाचे ज्ञान गावात आले नाही आणि त्याला लागणारी शुद्ध सामग्रीही आली नाही. तालुक्याच्या ठिकाणी दुचाकीचे चकाचक विक्री दालन उभे राहिले, कर्ज देणारा प्रतिनिधी दारात आला, हप्ता वसूल करणाराही वेळेवर येऊ लागला. मात्र त्याच गाडीच्या इंजिनात घालायचे एक लिटर योग्य तेल गावात मिळवायचे म्हटले, की प्रश्नचिन्ह उभे राहते. फळीवर जे चार डबे असतात, त्यांतील खरा कोणता आणि बनावट कोणता, आपल्या गाडीचा कोणता आणि ट्रॅक्टरचा कोणता, हे विकणाराही सांगू शकत नाही आणि घेणाराही विचारत नाही. कोपऱ्यातील पिंपातून पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेले सुटे तेल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लोकप्रिय! विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु ज्या यंत्रावर घराची रोजची मिळकत अवलंबून आहे, त्या यंत्राच्या रक्ताचा हा प्रश्न आहे आणि तो सोडवणे गावाच्या हातात आहे.

वास्तविक वंगण हा शब्दही ग्रामीण जीवनाला नवा नाही आणि ती वस्तूही नवी नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय गाडी जुंपायची नाही, हा रिवाज होता. गाडीला टांगलेल्या नळकांड्यात एरंडेलाचे वंगण असे आणि आस करकरू लागला, की गाडीवान खाली उतरून पहिले काम ते करी. आज जगभर विकल्या जाणाऱ्या कॅस्ट्रॉल या वंगणाचे नावसुद्धा १९०९ साली एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच ठेवले गेले, कारण त्या तेलात एरंडेलाचा अंश मिसळलेला असे. बांधावरचा एरंड, ओळखीचा तेली आणि स्वतःच्या डोळ्यांपुढे घातलेले वंगण अशी ती व्यवस्था होती. आसात काय गेले आहे, हे गाडीवानाला ठाऊक असे. आजच्या गाडीवानाला ते ठाऊक नाही. तुटला आहे तो हा जाणतेपणाचा धागा.

मोटरसायकलच्या तेलाकडून काय अपेक्षा असते, हे समजून घेतले तर या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. मोटारीमध्ये इंजिनाचे तेल वेगळे असते, गिअरपेटीचे तेल वेगळे असते आणि क्लच बहुधा कोरडा असतो. आपल्याकडील गिअरच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटरसायकलींमध्ये मात्र ही तिन्ही कामे एकाच तेलाला करावी लागतात. तेच तेल पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील घर्षण कमी करते, तेच गिअरच्या दात्यांचा दाब सोसते आणि त्याच तेलात क्लचच्या पट्ट्या बुडालेल्या असतात. शिवाय इंजिनाची उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचा चुरा पकडून ठेवणे आणि गंज रोखणे ही कामे वेगळीच. एवढा सगळा भार वाहायला शंभर सीसीच्या गाडीत तेल असते किती? एक लिटरहूनही कमी. त्यातही या वर्गातील अनेक गाड्यांत तेल गाळण्यासाठी कागदी फिल्टर नसतो, केवळ एक जाळी आणि फिरत्या वेगाने गाळ बाजूला टाकणारी रचना असते. म्हणजेच तेल खराब झाले, तर त्याला सावरून घेणारे दुसरे काहीच नाही. त्यात गावाकडच्या गाडीची चाकरी शहरातील गाडीहून कठीण. पाणंद रस्त्यावरची धूळ, दोन्ही बाजूंना लटकवलेले कॅन, मागे वैरणीचा भारा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलेला घाट आणि विदर्भ-मराठवाड्यातील चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा. ज्या गाडीला उत्तमातले उत्तम तेल हवे, तिच्याच वाट्याला निकृष्ट तेल यावे, ही परिस्थितीची क्रूर थट्टा आहे.

मागील पिढीच्या वाचकांना दोन-स्ट्रोक गाड्यांचा काळ आठवत असेल. राजदूत, येझदी, लूना, एम-८० या गाड्या तेव्हा गावोगावी दिसत. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मारून घ्यायचे, हा सर्वांच्या अंगवळणी पडलेला व्यवहार होता. त्या इंजिनात तेल पेट्रोलसोबत जळून जाई. तेल वाईट असेल, तर निळा-पांढरा धूर निघे, प्लग काळा पडे, गाडी रस्त्यातच बंद पडे. चूक लगेच उघडी पडत असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० ही चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली आणि २००० सालापासून कठोर होत गेलेल्या प्रदूषण-मानकांनी दोन-स्ट्रोक मोटरसायकलींचे युग जवळपास संपवले. इंधनाची मोठी बचत झाली, हवा काही अंशी स्वच्छ झाली, हे चांगलेच झाले. परंतु चार-स्ट्रोक इंजिनाचा एक स्वभाव लोकांनी लक्षात घेतला नाही. ते चूक पोटात ठेवते. वाईट तेल घातले, तरी गाडी दुसऱ्या दिवशी चालते, दुसऱ्या महिन्यातही चालते. आतील भाग मात्र झिजत राहतात. सहा-आठ महिन्यांनी सरासरी घसरते, धूर दिसू लागतो, टकटक आवाज येतो आणि मग पिस्टन, रिंगा, बोअरिंग असा हजारोंचा खर्च उभा राहतो. तेव्हा दोष गाडीच्या कंपनीला दिला जातो, रस्त्याला दिला जातो, नशिबाला दिला जातो. साठ-सत्तर रुपये वाचवण्यासाठी घेतलेल्या त्या सुट्या तेलाची आठवण कोणालाच राहत नाही.

मग योग्य तेल ओळखायचे कसे? त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. डब्यावर छापलेल्या तीन खुणा वाचता आल्या, की पुरे. पहिली खूण तेलाच्या दाटपणाची. १० डब्ल्यू-३०, २० डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-५० अशा स्वरूपात ती असते. यातील पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो आणि दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंश सेल्सिअस तापमानाला, तेल किती दाट राहते हे सांगतो. दुसरी खूण गुणवत्तेची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेने ठरवलेल्या श्रेणी एसजे, एसएल, एसएम, एसएन अशा अक्षरांनी दाखवल्या जातात. वर्णमालेत दुसरे अक्षर जितके पुढचे, तितके मानक नवे. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे जपानी मानकाची ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे मानक खास चार-स्ट्रोक दुचाकींसाठी तयार झाले. तेलात बुडालेला क्लच घसरणार नाही, अशी कसोटी हे तेल उतरले आहे, एवढा त्या अक्षरांचा सोपा अर्थ.

या तिसऱ्या खुणेकडे दुर्लक्ष झाल्याने होणारे घोटाळे गावोगाव पाहायला मिळतात. नव्या पद्धतीच्या अनेक मोटारींच्या तेलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारीला ती हितकारक असतात. तेच तेल मोटरसायकलमध्ये गेले, की क्लचच्या पट्ट्यांची पकड सुटते, इंजिन ओरडते पण गाडी पुढे ओढत नाही. महागाचे मोटारीचे तेल घातले म्हणजे गाडीचे लाड झाले, हा समज म्हणून चुकीचा आहे. गिअर नसलेल्या स्कूटरची तऱ्हा आणखी निराळी. तिचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे अनेक स्कूटरसाठी ‘जासो एमबी’ या खुणेचे तेल सुचवलेले असते. घरात मुलाची मोटरसायकल आणि सुनेची स्कूटर अशा दोन गाड्या असतील आणि दोन्हींत एकाच डब्यातील तेल ओतले जात असेल, तर दोहोंपैकी एकीवर अन्याय होतो. ट्रॅक्टरच्या तेलाचा मोह शेतकऱ्याला होणे स्वाभाविक आहे, कारण पाच-सात लिटरचा कॅन घरात असतोच. पण डिझेल इंजिनाचे तेल वेगळ्या गरजेसाठी बनवलेले असते आणि त्यातील बहुतेकांची दुचाकीच्या क्लचसाठी चाचणी झालेली नसते. आडरानात तेल गळून गेले आणि घरी पोहोचण्यापुरता इंजिन ऑइलचा आधार घेतला, तर तो आपद्धर्म म्हणता येईल. त्याची सवय करणे योग्य नव्हे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल मात्र आपद्धर्म म्हणूनही घालू नये.

‘तेल जितके दाट तितके चांगले’ हीदेखील अशीच एक रुजलेली समजूत. जुन्या, झिजलेल्या गाड्यांवर हात बसलेला कारागीर प्रत्येक गाडीत २० डब्ल्यू-५० ओतून मोकळा होतो. ज्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत हेच तेल लिहिले आहे, तिला ते योग्यच आहे. परंतु ज्या इंजिनातील फटी १० डब्ल्यू-३० तेलाचा विचार करून ठेवल्या आहेत, तिथे अतिदाट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि सरासरीही कमी होते. म्हणून पहिला प्रमाणग्रंथ म्हणजे गाडीबरोबर मिळालेली ती पातळ पुस्तिका, जी बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी किंवा रद्दीत गेलेली असते. किती तेल घालायचे, किती किलोमीटरनंतर बदलायचे, मूळ तेल न मिळाल्यास पर्यायी दाटपणा कोणता, हे सारे तिच्यात असते. गावात नेमका तोच दाटपणा मिळाला नाही, तर काय करावे, हा व्यवहारातला प्रश्न. तेथे विवेक असा ठेवावा, की महाराष्ट्राच्या उष्ण हवेत एखाद्या वेळेस दाटपणात एका पायरीची तडजोड चालून जाईल, परंतु ‘एमए’ या खुणेत तडजोड करू नये. आणि बनावट तेलाशी तर मुळीच करू नये.

बनावट तेलाचा धंदा चालतो कसा, हे पाहिले म्हणजे गावकऱ्यांचाच त्याला नकळत कसा हातभार लागतो, हे दिसते. गाडीतून काढलेले काळे तेल गॅरेजमधून गोळा केले जाते. ते गाळून, आम्ल आणि मातीची प्रक्रिया करून, त्याचा काळेपणा घालवला जातो. रंग घालून ते तांबूस वा हिरवे केले जाते. मग गॅरेजबाहेर फेकलेले नामवंत कंपन्यांचे रिकामे डबे भंगारवाल्याकडून विकत घेऊन त्यांत ते भरले जाते आणि नवे झाकण बसवून तो माल आडगावच्या दुकानात येतो. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वापरलेल्या तेलाचे शास्त्रशुद्ध पुनःशुद्धीकरण हा प्रतिष्ठित उद्योग आहे आणि त्यातून उत्तम मूळ तेल मिळू शकते. दोष पुनर्वापराचा नाही, दोष फसवणुकीचा आहे. नव्या तेलात जी रासायनिक द्रव्ये मोजून घातलेली असतात, ती या बनावट तेलात नसतातच. बोटांवर घासून, वास घेऊन किंवा रंग पाहून ते ओळखता येते, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण रंग तर मुद्दाम घातलेला असतो! उलट चांगले तेल थोड्याच दिवसांत काळे पडले, तर ते घाण स्वतःत सामावून घेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. लोक मात्र त्यालाच खोटे ठरवतात.

या साऱ्यात गावच्या कारागिराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. परंतु न्यायबुद्धीने पाहिले, तर त्याची बाजूही समाजाने ऐकून घ्यायला हवी. तो बहुधा कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, कोणी आयटीआयमधून आलेला. तास-दीड तास हात काळे करून तो तेल बदलतो, साखळी ताणतो, ब्रेक नीट करतो आणि मजुरी सांगितली की गिऱ्हाईक घासाघीस करते. मोबाइलचा रिचार्ज निमूटपणे करणारा माणूस गॅरेजमध्ये पन्नास रुपयांसाठी वाद घालतो. घामाचे दाम मिळत नाहीत, तेव्हा ते वस्तूच्या नफ्यातून काढण्याचा मोह होतो. ज्या डब्यावर सुटका जास्त, ज्या पेटीसोबत बक्षिसाचे कूपन, तोच डबा पुढे केला जातो. कारागिराच्या कौशल्याला उचित मोल देणारा समाजच त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करू शकतो. ‘तेल मी आणतो, मजुरी तू सांगशील ती’ असा व्यवहार ज्या गावात रूढ होईल, तेथील बनावट तेलाचा निम्मा पाया ढासळेल.

कायदा नाही, असे मुळीच नाही. वंगण तेलांची प्रक्रिया, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा आदेश १९८७ सालीच निघाला. वैधमापन विषयक २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक बंद डब्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. बनावट व्यापारचिन्ह वापरणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु त्याच कायद्यानुसार विना वॉरंट झडती व जप्ती पोलीस उपअधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते आणि तत्पूर्वी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यायचे असते. या तरतुदीमागे निष्पाप व्यापाऱ्याला त्रास होऊ नये, हा हेतू असेल. परिणाम मात्र असा होतो, की तालुक्यापासून वीस किलोमीटरवरील दुकानापर्यंत कायद्याचा हात पोहोचेपर्यंत माल विकून संपलेला असतो. ग्राहकासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अधिक उपयोगी आहे. त्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्कही लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदवता येते. मात्र या सर्वांची किल्ली एकाच कागदात आहे, ती म्हणजे पावती. आणि गावात पावती मागणे म्हणजे दुकानदाराचा अपमान करणे, असे समजले जाते! ही संकोचाची भिंत पाडल्याखेरीज कोणताही कायदा गावात पाऊल ठेवू शकणार नाही.

तेव्हा खरे तेल गावाजवळ कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी थोडी रुंदावली पाहिजे. १९९२-९३ च्या सुमारास वंगणाचा व्यापार खुला झाल्यापासून देशी-विदेशी नावांची गर्दी झाली आणि जाहिरातीतील नाव म्हणजेच गुणवत्ता, अशी भावना निर्माण झाली. वस्तुतः सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांची सर्वो, मॅक, एचपी रेसर ही दुचाकीची तेलेही त्याच मानकांची मिळतात आणि त्यांच्या पंपांवर ती ठेवलेली असतात. मुंबईतील माहुल येथील हिंदुस्थान पेट्रोलियमचा वंगण शुद्धीकरण प्रकल्प देशातील सर्वांत मोठा मानला जातो. ज्या महाराष्ट्राच्या भूमीवर असे मूळ तेल तयार होते, त्याच महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पिंपातील अनोळखी तेल घ्यावे, हा विरोधाभास खचितच भूषणावह नाही. २००० नंतरच्या दशकात इंडियन ऑइलने ग्रामीण भागासाठी किसान सेवा केंद्रे उघडली. आज बहुतेक गावांच्या पंचक्रोशीत एखादा पंप असतोच. पेट्रोल भरायला जाणारा माणूस तेलाचा डबाही तेथूनच, पावतीसह घेऊ शकतो. पंपावरील मालकाला मागणी दिसली, की आवश्यक त्या दाटपणाचे ८०० वा ९०० मिलिलिटरचे डबे तो आपणहून ठेवू लागेल. पुरवठा नाही म्हणून मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, हे दुष्टचक्र ग्राहकानेच तोडायचे आहे.

आणि ते एकट्याने तोडण्यापेक्षा संघटितपणे तोडणे सोपे आहे. महाराष्ट्राला या मार्गाचा अनुभव आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने मध्यमवर्गीय कुटुंबांचे छोटे छोटे संघ करून महिन्याचा किराणा थेट ठोक दराने आणून वाटण्याची पद्धत रुजवली. भेसळीच्या विरोधात केवळ मोर्चे न काढता शुद्ध मालाची स्वतःची व्यवस्था उभी करणे, हे त्या कामाचे मर्म होते. गृहिणींनी तांदूळ-डाळीच्या बाबतीत जे करून दाखवले, ते गावातील तरुणांनी तेलाच्या बाबतीत का करू नये? वीस-पंचवीस गाड्यांची एक यादी करावी. कोणत्या गाडीला कोणते तेल, किती लागते आणि केव्हा बदलायचे, हे पुस्तिकेतून उतरवून घ्यावे. दर दोन-तीन महिन्यांनी अधिकृत वितरकाकडून पेटीच्या पेटी मागवावी आणि पावती सर्वांना दाखवावी. गावातील दूध संस्था अथवा विकास सोसायटी हे काम सहज अंगावर घेऊ शकते. २०२३ साली केंद्राच्या सहकार मंत्रालयाने प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी आदर्श उपविधी तयार करून त्यांना पेट्रोल-डिझेलच्या विक्रीसह अनेक नव्या व्यवसायांचे दार उघडून दिले आहे. खताच्या गोण्यांशेजारी तेलाच्या चार पेट्या ठेवायला कोणतीही क्रांती करावी लागणार नाही. कारागिरालाही यात सामील करून घ्यावे. प्रत्येक डब्यामागे त्याचा ठरावीक मोबदला उघडपणे निश्चित करावा, म्हणजे त्याला चोरवाटेने कमवावे लागणार नाही.

याच्याच जोडीने दोन लहान शिस्ती प्रत्येक घराने पाळाव्यात. पहिली, रिकामा डबा फेकण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोके पाडावीत आणि वरचा कागद फाडावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही. यास अर्धा मिनिटही लागत नाही. दुसरी, काढलेल्या काळ्या तेलाची. गावात हे तेल दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासतात, स्लॅबच्या सेंट्रिंगला लावतात किंवा सरळ गटारात, ओढ्यात सोडून देतात. या तेलात धातूंचे सूक्ष्म कण आणि जळलेली विषारी द्रव्ये असतात. ती जमिनीत मुरली, की गावाचीच विहीर नासते. वापरलेल्या तेलाचा समावेश धोकादायक कचऱ्यात होतो आणि ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. या नियमांचा लाभ आडगावापर्यंत पोहोचवायचा, तर गॅरेजमध्ये एका पिंपात हे तेल साठवून ते परवानाधारक संग्राहकालाच देण्याचा आग्रह गावाने धरला पाहिजे. बनावट डब्याचा कच्चा माल आणि विहिरीचे विष असे दोन्ही प्रश्न त्यातून एकदम सुटू लागतील.

विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत, मग या तेलाची चिंता किती दिवस करायची, असे कोणी विचारील. त्या गाड्या अवश्य याव्यात. परंतु आज गावागावांत धावत असलेल्या कोट्यवधी पेट्रोल दुचाकी उद्या सकाळी अदृश्य होणार नाहीत. शहरात विकल्या गेलेल्या जुन्या गाड्याही अखेरीस गावाकडेच येतात आणि तेथे आणखी दहा-पंधरा वर्षे राबतात. गरिबाला महागडे तेल परवडेल कसे, हाही आक्षेप घेतला जातो. खनिज तेलाचा खरा डबा आज साधारण साडेतीनशे ते पाचशे रुपयांच्या घरात मिळतो आणि पुस्तिकेत सांगितल्यानुसार तो काही हजार किलोमीटर पुरतो. हप्त्याने घेतलेल्या गाडीचे इंजिन हप्ते फिटण्याआधीच खोलावे लागणे, हेच गरिबाला परवडत नाही. महाग तेल घ्या, असे येथे कोणी सांगत नाही. योग्य तेल, खऱ्या ठिकाणाहून, पावतीसह घ्या, एवढेच सांगणे आहे.

बनावट तेल हे एका दुकानदाराचे पाप असले, तरी ते चालते समाजाच्या अनास्थेवर. डबा न वाचणारा ग्राहक, मजुरी कापणारा गिऱ्हाईक, रिकामा डबा अखंड फेकणारा गाडीमालक आणि ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून गप्प बसणारा शेजारी हे सारे त्या व्यवहाराचे मूक भागीदार आहेत. ही भागीदारी मोडण्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. दसऱ्याच्या दिवशी गावातील प्रत्येक मोटरसायकल धुतली जाते, तिला झेंडूचा हार घातला जातो, हळदकुंकू वाहिले जाते. आपले पोट चालवणाऱ्या साधनाविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रीत सुंदर आहे. यंदा त्या पूजेआधी गावातील कार्यकर्त्यांनी एक सकाळ काढावी, गाड्यांची यादी करावी, पुस्तिका शोधून काढाव्यात आणि पहिली पेटी मागवावी. गाडीला हार घालणाऱ्या हातांनी तिच्यात खरे तेल घालावे, हाच त्या पूजेचा सरळ अर्थ आहे.